रांजणगावचा मुक्काम व स्मृतिफलक
पुणे–अहिल्यानगर मार्गावरील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी एक क्षेत्र होय. मोहिमेस जाता-येता थोरले माधवराव पेशवे (१७४५–१७७२) येथे गणपतीच्या दर्शनासाठी थांबत, अशी परंपरा आहे. या मुक्कामाचा फलक मार्गालगत उभारावयाचा झाल्यास त्यावर काय कोरावे? परंपरा कारकीर्द सांगते, तिथी सांगत नाही. देवळातील ओवरी वाटसरूंच्या निवाऱ्याची साक्ष देते. त्यांची नावे तिच्यापासून कळत नाहीत. तिथी व स्थळ यांची सांगड घालणारे साधन म्हणजे पुण्यातील पेशवे दप्तरातील रोजकीर्द. तीत हिशेबाच्या ओघात मुक्कामाची नोंद येते. तशी नोंद हाती असेल, तरच फलकावर तिथी द्यावी. एरवी ‘परंपरेनुसार’ हा शब्द वगळू नये. कारण एकदा दगडावर कोरलेले अनुमान पुढील अभ्यासकास पुरावा म्हणूनच भेटते.