गाडीतले रिव्हॉल्व्हर
गेल्या हिवाळ्यात येडशी-येरमाळा रस्त्यावर रात्री माझ्या गाडीच्या काचेवर दगड आला. थांबलो नाही म्हणून वाचलो. घरी पोहोचताच रिव्हॉल्व्हर घ्यायचे ठरवले आणि माहिती काढू लागलो.

१९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना जिल्हाधिकारी देतात, त्याआधी पोलिसांचा अहवाल लागतो. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही; .३२ बोअरचे मिळते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ याच बोअरचे, सहा गोळ्यांचे आणि वजनाला हलके.

पण हात स्टिअरिंगवर, कमरेवर सीटबेल्ट; त्याखालचे हत्यार निघेपर्यंत वेळ गेलेली असते. गाडीच्या खणात ठेवावे तर गाडीबरोबर तेही चोरीला जाते. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा देत नाहीत. अंधारात दगड मारणारा नेमका कोण, हे ठरवून गोळी झाडायची कशी?

१८५३ नंतर आपल्या नळदुर्ग भागाचा कारभार पाहिलेल्या मेडोज टेलरने त्याआधी, १८३९ साली, ठगांवर कादंबरी लिहिली होती. ठग आधी वाटसरूंचा विश्वास मिळवत, मग रुमालाने गळा आवळत. अशा वेळी कमरेची तलवार कामाला येत नसे.

परवान्याचा अर्ज भरून ठेवला आहे, दिलेला नाही. तोवर दरवाजे बंद, टाकी भरलेली, ११२ क्रमांक हाताशी, आणि दगड आला तरी उजेडाच्या जागेपर्यंत गाडी थांबवायची नाही.