पन्नास पाईपमधले दहाच ठेवायचे, तर कुठले?

शेरलॉक होम्सची 'द यलो फेस' नावाची एक गोष्ट आहे, १८९३ साली आलेली. भेटायला आलेला एक माणूस आपला पाईप होम्सच्या घरी विसरून जातो. होम्स तो उलटसुलट करून पाहतो. पाईप मुळात साडेसात शिलिंगांचा. पण दोनदा मोडलेला आणि दोन्ही वेळा चांदीची पट्टी बसवून दुरुस्त केलेला. या प्रत्येक दुरुस्तीला मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे लागले असणार. तेवढ्या पैशात नवा पाईप आला असता, तरी मालकाने जुनाच दुरुस्त करून घेतला. यावरून होम्स अंदाज बांधतो, की या माणसाचा या पाईपवर फार जीव आहे.

जगभरातले पाईपचे संग्राहक कधी ना कधी नेमक्या याच पेचात सापडतात. वस्तूची किंमत एक आणि तिच्यावरचा जीव दुसराच. घर लहान झालं, डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली, वय झालं किंवा वडील गेले आणि कपाट मुलांच्या ताब्यात आलं, की प्रश्न उभा राहतो. एवढ्या पाईपमधले ठेवायचे कुठले आणि सोडायचे कुठले?

मुळात एका माणसाकडे इतके पाईप कशाला?

बाहेरून बघणाऱ्याला ही निव्वळ हौस वाटते, पण सुरुवात बहुतेक वेळा गरजेतून होते. बहुतांश पाईप ब्रायर नावाच्या लाकडाचे असतात. भूमध्य समुद्राच्या आसपास 'एरिका आर्बोरिया' नावाचं झुडूप उगवतं. त्याच्या मुळापाशी जी टणक गाठ तयार होते, तिचं हे लाकूड. ते आधी उकळतात, मग बरेच महिने वाळवतात. ते सहजासहजी जळत नाही, म्हणून पाईपसाठी वापरतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधलं सेंट क्लोद हे गाव या धंद्याचं मोठं केंद्र बनलं.

पण ओढताना हे लाकूड ओलावा शोषतं. तोच पाईप लगेच पुन्हा पेटवला तर चव बिघडते, म्हणून त्याला एखाद दिवस वाळू देतात. यावरूनच कंपन्यांनी आठवड्याच्या सात वारांसाठी सात पाईपचे संच विकायला काढले. शिवाय लाकडात तंबाखूचा वास मुरतो. धुरकट वासाच्या तंबाखूसाठी एक पाईप, गोड वासाच्या तंबाखूसाठी दुसरा, अशी विभागणी होते. त्यात भेट मिळालेले आणि प्रवासात घेतलेले धरा. पाचाचे पन्नास कधी होतात, ते कळतही नाही.

सगळे जण करतात ती चूक

संग्रह कमी करायला बसलेला माणूस साधारण एकच नियम लावतो : महागाचे ठेवायचे, स्वस्तातले वाटून टाकायचे. वरवर हे शहाणपणाचं वाटतं, पण बऱ्याचदा उलटं पडतं.

कारण महागडा पाईप म्हणजे बहुतेक वेळा नावाजलेल्या कंपनीचा, ठरलेल्या आकाराचा पाईप. तो विकला आणि दोन वर्षांनी पुन्हा हवासा वाटला, तर पैसे मोजून तसाच दुसरा मिळू शकतो. पण वडिलांच्या प्रत्येक फोटोत हातात दिसणारा, नळीवर त्यांच्या दातांच्या खुणा असलेला साधा पाईप कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न 'हा कितीचा आहे' हा नसावा. 'हा गेला तर परत मिळेल का' हा असावा. त्याचं उत्तर शोधताना प्रत्येक पाईप तीन बाजूंनी पाहावा लागतो : बाजार, वापर आणि आठवण.

बाजार : किंमत कशावरून ठरते?

जुन्या पाईपची ओळख त्याच्या दांडीवरच्या ठशात असते. लंडनच्या डनहिल कंपनीच्या पाईपवर नळीच्या वरच्या बाजूला एक पांढरा ठिपका असतो. दांडीवर बारीक आकडे असतात आणि १९२०च्या दशकापासूनच्या पाईपवर त्या आकड्यांवरून बनवल्याचं वर्ष काढता येतं. डब्लिनच्या पीटरसन कंपनीच्या पाईपवर 'आयरिश फ्री स्टेट' असा ठसा असेल, तर तो साधारण १९२२ ते १९३७ या काळातला, कारण त्या नावाचा देश तेवढीच वर्षं अस्तित्वात होता. चांदीची पट्टी असेल तर तिच्यावरचं छोटं अक्षरही वर्ष सांगतं.

हा ठसा पुसला गेला की खरेदीदाराच्या लेखी पाईपची ओळखच जाते आणि किंमत घसरते. ठसा पुसला जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे विकण्याआधी उत्साहाने केलेलं पॉलिश. म्हणून जाणकार सांगतात, की आधी ठशाचा फोटो काढा, मग फडक्याला हात लावा. दांडीवर पॉलिश पेपर तर अजिबात चालवू नका.

मूळ डबा, कापडी पिशवी आणि पावती जपलेली असेल तर भाव वाढतो. नळी बदललेली असेल, तर कमी होतो.

वापर : हातात घेतल्यावर काय दिसतं?

पाईपच्या वाटीत आतून काजळीचा थर बसतो. साधारण एक-दीड मिलिमीटरचा थर लाकडाचं रक्षण करतो. तो फार जाड झाला तर तापल्यावर फुगतो आणि वाटीला तडा जाऊ शकतो. म्हणून वाटीची कड, आतली भिंत आणि दांडी उजेडात धरून बघावी लागते. आतून जळून पातळ झालेली भिंत सहसा वाचत नाही.

दुसरी चाचणी अगदी सोपी. पाईप साफ करायची मऊ तार तोंडाकडून आत घालायची. ती न अडकता थेट वाटीपर्यंत पोचली, तर आतलं भोक नीट पाडलेलं आहे. ती मध्येच अडत असेल, तर तो पाईप बाहेरून कितीही देखणा असला तरी मालकाने तो फारसा वापरला नसण्याचीच शक्यता जास्त.

नळी हिरवट-तपकिरी दिसली म्हणून मात्र पाईप बाद करू नये. जुन्या नळ्या व्हल्कनाईटच्या, म्हणजे कडक रबराच्या असत. उजेडात त्यांचा काळा रंग उतरतो आणि तो साफ करून परत आणता येतो.

पांढऱ्या दगडासारख्या मीरशॉम पाईपचं गणित वेगळं आहे. हे खनिज मुख्यतः तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरजवळ सापडतं. ते इतकं मऊ असतं, की त्यावर माणसांचे चेहरे कोरतात. वापरत गेलं की त्याचा पांढरा रंग मधासारखा होत जातो. हा रंग म्हणजे कित्येक वर्षांच्या वापराची नोंद. तो 'मळ' समजून घासून काढला, तर त्या पाईपमधलं सगळ्यात मोलाचं तेच गेलं.

आठवण : आईनस्टाईनचा पाईप काय सांगतो?

वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्थेचं अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय आहे. तिथे अल्बर्ट आईनस्टाईन यांचा एक पाईप ठेवलेला आहे. साधा ब्रायरचा. चावून चावून त्याच्या नळीला भोक पडलंय. डॉक्टरांनी धूम्रपान बंद करायला सांगितल्यावरही ते रिकामा पाईप तोंडात धरून बसत, असं सांगितलं जातं.

हाच पाईप नावाशिवाय जुन्या बाजारात आला असता, तर नळीचं भोक बघून लोकांनी तो बाजूला सारला असता. संग्रहालयात मात्र तेच भोक महत्त्वाचं आहे, कारण माणसाची सवय त्यात दिसते.

घरातल्या पाईपचंही तसंच आहे. फरक इतकाच, की त्याची गोष्ट संग्रहालयाच्या पाटीवर नसते. ती एका माणसाच्या डोक्यात असते आणि तो माणूस गेला की गोष्टही जाते.

प्रत्यक्षात निवड कशी करायची?

समजा, कपाटात ५० पाईप आहेत आणि जागा १० पाईपची आहे.

१. सगळे एकाच टेबलावर मांडा. प्रत्येकाला क्रमांक द्या, पाईपचा आणि ठशाचा फोटो काढा. खोक्यांत असलेला संग्रह कधीच पूर्ण दिसत नाही.

२. जळालेले आणि तडा गेलेले वेगळे काढा. त्यातला एखादा आठवणीचा असेल, तर तेवढाच ठेवा. समजा, इथे ८ कमी झाले.

३. उरलेल्या ४२ पाईपचे आकारानुसार गट करा. सरळ दांडीचे, वाकड्या दांडीचे, लांब नळीचे. बहुतेक संग्राहकांना इथे धक्का बसतो, कारण एकाच आकाराचे सात-आठ पाईप निघतात. माणूस नकळत आपल्या आवडीचाच पाईप पुन्हा पुन्हा विकत घेत असतो. प्रत्येक गटातला एक किंवा दोन ठेवा.

४. आता कागदावर तीन रकाने करा : बाजार, वापर, आठवण. तिन्हीत कमी पडणारा पाईप आधी जाईल. फक्त बाजारात किंमत असलेला, पण कधीच न वापरलेला आणि कसलीच आठवण नसलेला पाईप विकायला काढावा. त्याच्या पैशात बाकीच्यांची दुरुस्ती होते. फक्त आठवण असलेला पाईप ठेवावा, मग तो दहा रुपयांचा का असेना.

५. दोन-तीन पाईपवर निर्णय होतच नाही. ते एका डब्यात ठेवून वर तारीख लिहा. सहा महिन्यांत एकदाही डबा उघडावासा वाटला नाही, तर उत्तर मिळालं.

आठवणीच्या रकान्यात एक फसगत असते. 'सगळेच बाबांचे आहेत' म्हणून पन्नासही ठेवावेसे वाटतात. तेव्हा जुने फोटो काढून बघावेत. माणूस पन्नास पाईप जमवतो, पण फोटोत त्याच्या हातात दोन-तीनच दिसतात. आठवण त्या दोन-तीनांत असते.

वारशाने आले असतील तर?

मुंबई-पुण्यातल्या काही जुन्या घरांतही आजोबांचा पाईप कपाटात निघतो. तेव्हा दोन कायदे माहीत हवेत. भारतात १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, म्हणून परदेशातल्या ग्राहकाला पार्सल करण्याआधी चौकशी करावी. दुसरं म्हणजे, काही जुन्या पाईपमध्ये हस्तिदंत वापरलेलं असतं. भारतात हस्तिदंताचा व्यापार बेकायदा आहे. ब्रिटननेही २०१८चा कायदा २०२२पासून लागू करून तो जवळपास बंद केला आहे.

आणखी एक गोष्ट. सिगारेटपेक्षा पाईप बरा, ही समजूत खरी नाही. पाईपच्या तंबाखूनेही तोंड, घसा आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे ज्यांनी ओढणं सोडलंय, त्यांच्यासाठी 'वापर' हा रकाना कोराच राहतो. त्यांनी बाजार आणि आठवण या दोनच रकान्यांवर निवड करावी. समोर दहा पाईप मांडलेले पाहून पुन्हा इच्छा होत असेल, तर दहाचा एक करायलाही हरकत नाही.

उरलेल्यांचं काय?

चांगल्या अवस्थेतले पाईप दुसऱ्या संग्राहकाला विकता येतात. शिकागोसारख्या शहरात तर पाईपचं मोठं प्रदर्शन भरत आलंय. पण पैसे घाईने मोजू नका. फार थोड्या पाईपना मोठा भाव मिळतो, बाकीचे किरकोळ किमतीलाच जातात. ही अपेक्षा आधीच ठेवली, तर नंतर मन खट्टू होत नाही.

विकताना किंवा देताना त्या पाईपबद्दल जे माहीत आहे ते सोबत द्यावं. कधी घेतला, कुठे घेतला, कोण वापरत होतं. पुढच्या मालकाला त्याचं मोल वाटतं.

आणि जे दहा ठेवले, त्या प्रत्येकाच्या वाटीत एक चिठ्ठी दुमडून ठेवावी. दोनच ओळी पुरेत : हा कुणाचा आणि का ठेवला. पुढे कधीतरी दुसरंच कुणी हे कपाट आवरायला बसेल, तेव्हा विचारायला घरात कुणी नसेल. त्यांच्या हाती निदान ती चिठ्ठी लागेल.