सांडपाण्याचे प्रगत शुद्धीकरण : साउथ लेक टाहो येथील अनुभव

सांडपाण्यावरील द्वितीयक प्रक्रियेत जिवाणू बरीचशी सेंद्रिय घाण खाऊन टाकतात. परंतु नत्र व स्फुरद यांचा मोठा भाग पाण्यातच राहतो. असे पाणी निर्मळ सरोवरात गेल्यास शेवाळ माजते. कॅलिफोर्नियातील टाहो सरोवराकाठच्या साउथ लेक टाहो या लहान शहरापुढे १९६० च्या दशकात हाच प्रश्न उभा होता.

तेथील शुद्धीकरण केंद्रात द्वितीयक प्रक्रियेनंतर पाण्यात चुना मिसळत. सामू ११ च्या आसपास गेला की स्फुरद कॅल्शियमशी संयोग पावून गाळरूपाने खाली बसतो आणि अमोनियमचे अमोनिया वायूत रूपांतर होते. हे पाणी उंच मनोऱ्यातून ठिबकत सोडून त्यातून पंख्याने हवा खेचली की वायू निघून जातो. पुढे कार्बन डायऑक्साइडने सामू उतरवून पाणी गाळण्यांतून व क्रियाशील कोळशातून नेत. वापरलेला चुना व कोळसाही भट्टीत भाजून पुन्हा उपयोगात आणत.

कागदावर निर्दोष दिसणारी ही रचना हिवाळ्यात अडे. थंड पाणी अमोनिया सहजी सोडत नाही. शिवाय मनोऱ्यात बर्फ धरे. (वायूंची विद्राव्यता शिकवताना याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.)

१९६८ पासून हे पाणी पंपांनी लूथर खिंडीपलीकडे इंडियन क्रीक जलाशयात नेले जाऊ लागले. तेथे मासेमारी चाले, म्हणून प्रगत प्रक्रिया आवश्यकच होती. १९८९ मध्ये हार्वे प्लेस जलाशय झाल्यावर पाणी कुरणांच्या सिंचनाकडे वळले. सरोवराला घातक असलेले नत्र-स्फुरद गवताला खतच ठरते. चुना आणि मनोरा यांचे खर्चिक टप्पे त्यामुळे अनावश्यक झाले. खिंड चढवण्याचा विजेचा खर्च मात्र कायम राहिला.