गाडी सुरू होत नाही? किल्ली पुन्हा फिरविण्यापूर्वी आवाज ऐका

- प्रतिनिधी

रात्रभर उभी असलेली मोटार सकाळी सुरू झाली नाही, की बहुतेक वाहनचालक एकच उपाय करतात. किल्ली पुन्हा फिरवितात, मग आणखी एकदा, आणि अखेर बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत फिरवीतच राहतात. कार्यालय गाठण्याच्या घाईत हे स्वाभाविक असले, तरी त्यामुळे किरकोळ बिघाडाचे रूपांतर मोठ्या खर्चात होऊ शकते. वास्तविक गाडी आपले दुखणे पहिल्याच प्रयत्नात सांगत असते. ते ओळखण्यासाठी मेकॅनिकच असावे लागते, असे नाही.

इंजिन दोन टप्प्यांत सुरू होते. आधी स्टार्टर मोटर, म्हणजे बोलीभाषेतील 'सेल्फ', बॅटरीच्या विजेवर इंजिन फिरविते. त्यानंतर इंधन, हवा आणि ठिणगी यांचा मेळ जमून इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागते. डिझेल इंजिनात ठिणगीचे काम दाबाने तापलेली हवा करते. पूर्वी पहिला टप्पा हँडल मारून, अंगमेहनतीने पार पाडावा लागे. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारींत आला आणि हे कष्ट संपले. मात्र बिघाड शोधताना आजही पहिला प्रश्न हाच असतो, की सेल्फ इंजिन फिरवितो आहे की नाही?

सेल्फ फिरतच नसेल तर

किल्ली फिरविताच 'टक-टक-टक' असा जलद आवाज आला, किंवा सेल्फ कण्हत-कुंथत फिरला, तर बॅटरी उतरली असण्याची शक्यता सर्वाधिक असते. खात्री करण्याची युक्ती सोपी आहे. हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडण्यांत आहे. दिवे प्रखर राहिले आणि एकच जोरकस 'टक' ऐकू आला, तर संशय स्टार्टर मोटरवर जातो. हे काम गॅरेजचेच.

दिवे उत्तम लागतात. पण सेल्फ अगदीच गप्प आहे, अशा वेळी आधी स्वतःकडे पाहावे. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'वर नसेल, तर सेल्फ लागत नाही. अनेक नव्या गाड्यांत क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टचे बटण दाद देत नाही. बटणाच्या गाड्यांत रिमोटमधील सेल संपला असल्यास रिमोट बटणाजवळ किंवा पुस्तिकेत दाखविलेल्या जागी धरल्यावर बहुधा काम भागते.

बॅटरीवर ठपका ठेवण्यापूर्वी बॉनेट उघडून टर्मिनल पाहावेत. त्यांवर पांढरी-हिरवट पुटे चढली असतील किंवा पकड सैल असेल, तर चांगली बॅटरीही निकामी भासते. आधी ऋण आणि मग धन टर्मिनल सोडवावे, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ते स्वच्छ करावेत, कोरडे करून घट्ट बसवावेत. जोडताना क्रम उलटा ठेवावा.

मल्टिमीटर असल्यास अंदाज अधिक नेमका येतो. काही तास उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. आकडा १२ च्या खाली असेल, तर ती उतरली आहे. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारणपणे १३.५ ते १४.५ दरम्यान हवा. तो वर चढलाच नाही, तर आल्टरनेटर बॅटरी भारित करीत नाही, असे समजावे. ही तपासणी न करता नवी बॅटरी घेतली, तर तीही काही दिवसांत उतरते आणि पैसे वाया जातात.

दुसऱ्या गाडीची मदत घेताना

जंपर केबल जोडताना क्रम महत्त्वाचा असतो. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला आणि मग चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, हे त्यामागील कारण. केबल काढताना क्रम उलटा ठेवावा.

धक्का मारून गाडी सुरू करण्याचा उपाय केवळ हाताने गिअर टाकावयाच्या गाड्यांसाठी आहे. ऑटोमॅटिक गाडीत तो चालत नाही. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकही जोर लावून दाबावा लागतो. त्यामुळे उतारावर हा प्रयोग टाळलेलाच बरा.

सेल्फ फिरतो, इंजिन मात्र सुरू होत नाही

येथे बॅटरी निर्दोष असते. इंधन किंवा ठिणगी, यांपैकी काहीतरी पोहोचत नसते. पेट्रोल गाडीत किल्ली 'ऑन' केल्यावर मागील आसनाच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो इंधन पंपाचा आवाज. तो आलाच नाही, तर पंपाचा फ्यूज तपासावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज टाकावा. तारेचा तुकडा जोडणे म्हणजे आगीला निमंत्रण.

मुंबई-पुण्यात मोठ्या संख्येने असलेल्या सीएनजी गाड्यांची येथे वेगळी अडचण असते. यांतील अनेक गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. बचतीच्या विचाराने टाकी जवळजवळ कोरडी ठेवली, तर सकाळी गाडी सुरू होत नाहीच; शिवाय टाकीतील पेट्रोलनेच थंड राहणारा पंपही जळू शकतो.

डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर चोरीप्रतिबंधक यंत्रणेने किल्ली ओळखलेली नाही. अशा वेळी दुसरी किल्ली वापरून पाहावी. पावसाळ्यात उंदरांनी वायरी कुरतडल्याचे प्रकारही नेहमीचे आहेत. वारंवार ॲक्सिलरेटर दाबण्याची कार्बोरेटरच्या काळातील सवय आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत निरुपयोगी आहे. सेल्फही सलग दहा सेकंदांहून अधिक मारू नये. दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनिट जाऊ द्यावे, अन्यथा मोटर तापून जळते.

पाण्यात बंद पडली, तर सेल्फ नकोच

या साऱ्या तपासण्यांना एक अपवाद आहे. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर किल्ली एकदाही पुन्हा फिरवू नये. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सेल्फने पिस्टन वर ढकलला, की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि क्वचित इंजिनाचा ब्लॉकही फुटतो. विमा कंपनी असे नुकसान पुरामुळे नव्हे, तर सेल्फ मारल्यामुळे झाले, असे ठरवून दावा नाकारू शकते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते आणि त्यालाही अटी असतात. गाडी टोचन करून गॅरेजमध्ये नेणे आणि इंजिनातील पाणी काढून घेणे, हाच मार्ग.

पाणी वाढत असेल, तर गाडीत बसून राहणे त्याहून घातक. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा मुंबईत काही जण बंद मोटारीतच गुदमरून दगावले. पाण्यामुळे विजेवरच्या काचा आणि कुलपे अडकू शकतात. त्यामुळे दार उघडता येते आहे, तोवरच बाहेर पडून उंच, सुरक्षित जागी जावे.

घरासमोर गाडी अडली असेल, तर मेकॅनिकला दूरध्वनी करताना 'गाडी चालू होत नाही' एवढेच सांगून थांबू नये. सेल्फ फिरतो की नाही, आवाज कसा आला, दिवे मंदावले का, पेट्रोल किती आहे, या चार गोष्टी सांगाव्यात. बॅटरी सोबत आणावयाची की टोचनाची व्यवस्था करावयाची, हे त्याला तेथूनच ठरविता येईल आणि एक फेरी वाचेल.