लाल डागाचा दोष आईच्या विळीला नको

“ग्रहणात काही चिरलंस का गं?” बाळाच्या गालावर लाल डाग दिसला की बाळंतिणीला पहिला प्रश्न हाच. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आणि साताऱ्यात दवाखाना चालवलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती (अंनिस) उभी केली, त्याच मुलखात आजही हा प्रश्न विचारला जातो याची चीड येते.

ग्रहणात चिरल्याने डाग उमटत नाही, याचा पुरावा हवा असेल त्यांनी जुनी पंचांगं काढावीत. २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणानंतर सातारा-सांगलीतून दिसणारं आणि वेध पाळण्याजोगं ग्रहण आलं ते थेट २५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीत. म्हणजे २०२१ च्या उन्हाळ्यापासून त्या दिवाळीपर्यंत इथे दिवस भरून जन्मलेल्या एकाही बाळाच्या आईला गरोदरपणात ग्रहण लागलंच नव्हतं. त्या दीड वर्षात लाल डागाची बाळं जन्मायची थांबली का? दर हजार बाळांमागे साधारण तिघांना जन्मतःच सपाट, मद्याच्या रंगाचा डाग असतो, ग्रहण असो वा नसो. त्याच २१ जूनला इस्लामपुरात एका गर्भवतीने अंनिसच्या साथीने, ग्रहण चालू असताना, सगळ्यांदेखत भाजी चिरली. तिच्या धैर्याला सलाम. पण एव्हाना त्यासाठी धैर्य लागायला नको होतं.

या डागाचं खरं कारण २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं आहे. गर्भ वाढताना एखाद्या पेशीतल्या ‘जीएनएक्यू’ जनुकात बदल होतो आणि त्या पेशीपासून पुढे घडणाऱ्या केशवाहिन्या रुंदावलेल्या राहतात. हा बदल आईबापांकडून येत नाही. तेव्हा ‘तिच्या माहेरचंच आहे’ हेही खोटं.

‘मोठेपणी आपोआप जाईल’ हे सरसकट खरं नाही. कपाळावरचे फिकट गुलाबी ठिपके वर्ष-दोन वर्षांत बहुधा विरतात. जन्मानंतर काही आठवड्यांनी उगवून भराभर फुगणारी लालभडक गाठ पुढे ओसरते. ती डोळ्याजवळ किंवा ओठावर असेल तर प्रोप्रॅनोलॉल हे औषध २००८ पासून माहीत आहे, लेसरची घाई नको. जन्मतःच असलेला सपाट, मद्याच्या रंगाचा डाग मात्र जात नाही, वयाबरोबर गडद आणि जाड होतो. लेसर मुख्यतः यासाठी.

लेसरबद्दलही गैरसमज आहेतच. ‘लेसर कातडी जाळतो.’ अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी १९८३ मध्येच याचं उत्तर मांडलं. पल्स्ड डाय लेसरचा ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, वाहिनी आतून तापते आणि बंद होते. झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका. आधी थंड फवारा, मग रबर ताणून सोडावं तसा चटका. नंतर आठ-दहा दिवस जागा जांभळी-काळी दिसते. इथेच घरचे घाबरतात आणि उपचार सोडतात. तो काळा रंग अपेक्षितच असतो.

‘सावळ्या कातडीला चालत नाही.’ चालतो. पण मेलॅनिनही तोच प्रकाश शोषतं, म्हणून ताकद कमी ठेवून आधी लहानशा जागेवर चाचणी घ्यावी लागते आणि ऊन टाळावं लागतं.

‘एका बैठकीत साफ.’ नाही. चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, आणि बहुतेकांचा डाग फिका होतो, पूर्ण जात नाही.

‘पार्लरमधला आयपीएल म्हणजे लेसरच.’ नव्हे; तो अनेक तरंगलांबींचा झगझगीत प्रकाश आहे. त्वचारोगतज्ज्ञाच्या हातात तो उपयोगी पडतो, पार्लरमध्ये बाळाच्या कातडीवर नको.

‘कॅन्सर होतो.’ हा दृश्य प्रकाश आहे, क्ष-किरण नव्हे.

मद्याच्या रंगाचा डाग कपाळावर किंवा पापणीवर असेल तर लेसरचा विचार नंतर. अशा काही बाळांना काचबिंदू होतो, फिट येतात. मिरजेचं शासकीय रुग्णालय असो की साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, पहिल्या काही आठवड्यांतच डोळ्यांचा दाब तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञाला दाखवा.