रडार डिटेक्टर : कोणी घ्यावा, कोणता घ्यावा?

अमेरिका आणि कॅनडात स्थायिक झालेले आपले नातेवाईक सुटीवर गावी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात एका लहानशा डबीचा उल्लेख हमखास येतो. गाडीच्या समोरच्या काचेला चिकटवलेली ही डबी पुढे पोलीस वेग मोजत बसले असतील तर आधीच आवाज देते. तिला रडार डिटेक्टर म्हणतात. आपल्याकडील काही व्यापारी बांधवही अशी डबी येणाऱ्या-जाणाऱ्याकडून मागवू लागले आहेत. माल वेळेवर पोहोचवायचा, चलन मात्र भरायचे नाही, एवढाच त्यांचा हिशोब असतो. हा सौदा कोणाला परवडतो आणि कोणाच्या अंगाशी येतो, हे आम्ही या लेखात उलगडून सांगणार आहोत. कापड घेताना आपण आधी सूत पाहतो, मग भाव विचारतो. इथेही तोच क्रम ठेवू.

वेग मोजतात कसा?

रेल्वेगाडी शिटी वाजवीत आपल्याकडे येते तेव्हा शिटीचा सूर चढा लागतो आणि गाडी पुढे निघून गेली की तो उतरतो. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ साली या गोष्टीचा नियम मांडला. पोलिसांचे रडार याच नियमावर चालते. ते रेडिओ लहरी सोडते, त्या लहरी धावत्या गाडीवर आपटून परत येतात आणि परतताना त्यांचा सूर थोडा बदललेला असतो. समजा, लहर २४.१५ गिगाहर्ट्झची आहे आणि गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने येते आहे. अशा वेळी हा फरक सुमारे साडेचार हजार हर्ट्झचा पडतो. यंत्र तो फरक मोजते आणि वेगाचा आकडा दाखवते.

डिटेक्टर हा नुसता कान आहे. तो स्वतः काही मोजत नाही, पोलिसांची लहर फक्त ऐकतो. मग पोलिसांच्या आधी त्याला चाहूल कशी लागते? अंधाऱ्या रात्री कोणी बॅटरी घेऊन येत असेल तर बॅटरीवाल्याला आपण दिसण्याच्या कितीतरी आधी आपल्याला त्याची बॅटरी दिसते. त्याचा उजेड आपल्यावर पडून पुन्हा त्याच्या डोळ्यापर्यंत जायचा असतो, आपल्याला मात्र तो एकाच फेरीत मिळतो. डिटेक्टरची सारी कमाई या एका फेरीच्या फरकात आहे.

हे यंत्र अमेरिकेतच का वाढले?

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७४ साली देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा घातली. रस्ते रुंद, अंतरे लांब आणि वेग बांधलेला. ट्रकचालक आणि फिरते विक्रेते यांना हे जाचक वाटले. त्याच दशकात ‘फझबस्टर’ नावाचा डिटेक्टर बाजारात गाजला. १९७८ साली ‘एस्कॉर्ट’ आला, त्याची ऐकण्याची ताकद बरीच जास्त होती. १९९२ साली आलेल्या ‘व्हॅलेंटाइन वन’ने रडार समोर आहे, बाजूला आहे की मागे, हे बाणाने दाखवायला सुरुवात केली. देशभराची ती वेगमर्यादा १९९५ साली उठली, पण डिटेक्टरचा धंदा टिकून राहिला. आज युनिडेन, एस्कॉर्ट, व्हॅलेंटाइन आणि कोब्रा ही नावे तिथे विशेष चालतात.

घेताना काय पाहावे?

जे बांधव किंवा ज्यांची मुले अमेरिकेत रोज कामासाठी गाडी चालवतात, त्यांच्यासाठी पारखण्याच्या गोष्टी अशा :

पहिली गोष्ट पट्ट्यांची. पोलिसांचे रडार तीन पट्ट्यांत चालते. एक्स पट्टा साडेदहा गिगाहर्ट्झच्या आसपास, के पट्टा २४ च्या आसपास आणि केए पट्टा ३३.४ ते ३६ पर्यंत. एक्स पट्टा जुना झाला असून बहुतेक ठिकाणी पोलिसांनी तो सोडला आहे. खरी मदार केए पट्ट्यावर आहे. म्हणून डिटेक्टर केए पट्टा किती लांबून ऐकतो, हे आधी विचारावे. डोंगर, वळणे आणि मोकळा रस्ता यांप्रमाणे हे अंतर खूप बदलते. तेव्हा डब्यावर छापलेल्या मैलांच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

दुसरी गोष्ट खोट्या हाकांची. रोजच्या वापरात याच गोष्टीचा सर्वांत जास्त त्रास होतो. मोठ्या दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे एक्स आणि के पट्ट्यांत लहरी सोडतात. बऱ्याच मोटारींत शेजारून येणारे वाहन ओळखणारे यंत्र असते, तेही के पट्ट्यात बोलते. स्वस्त डिटेक्टरला दुकान, शेजारची मोटार आणि पोलीस यांत फरक कळत नाही आणि तो दिवसभर ओरडत राहतो. चार दिवसांत चालक त्याचा आवाज बंद करतो, आणि मग शंभर डॉलर खर्चून काचेवर नुसता दागिना लटकत राहतो. शहरात रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्याने उपग्रहाच्या आधारे जागा ओळखणारा, म्हणजे जीपीएस असलेला डिटेक्टर घ्यावा. त्याच दुकानासमोर दोन-चार वेळा खोटी हाक झाली की तो ती जागा लक्षात ठेवतो आणि पुढे तिथे गप्प राहतो.

तिसरी गोष्ट बाणांची. हाक आली, पण ती पुढून की मागून? मागे पडलेल्या रडारसाठी ब्रेक दाबण्यात अर्थ नसतो, उलट मागच्या गाडीची धडक बसण्याची भीती असते. बाण दाखवणाऱ्या डिटेक्टरला किंमत जास्त पडते, पण महामार्गावर सतत फिरणाऱ्याला ती वसूल होते. गावातल्या गावात फिरणाऱ्याने तो खर्च केला नाही तरी चालेल.

चौथी गोष्ट लेझरची. दुकानदार लेझरबद्दल फार गोड बोलतात. लेझर बंदूक रेडिओ लहर सोडत नाही, ती प्रकाशाचा अदृश्य झोत सोडते. ३०० मीटरवरही हा झोत जेमतेम मीटरभर रुंद असतो. रडारची लहर चहूकडे पसरते म्हणून ती दुरून ऐकू येते. लेझरचा झोत सरळ तुमच्याच गाडीवर पडतो, आणि डिटेक्टर बोलतो तेव्हा तुमचा वेग मोजून झालेला असतो. तेव्हा ‘लेझरही पकडतो’ या शब्दांसाठी एक डॉलरही जादा मोजू नये.

अनुभवी पोलीस रडारही सतत चालू ठेवीत नाहीत. गाडी टप्प्यात आली की क्षणभर चालू करतात आणि लगेच बंद करतात. आपल्या पुढे दुसरी एखादी गाडी असेल तर तिच्यावर मारलेली लहर आपला डिटेक्टर ऐकू शकतो. रस्ता रिकामा असेल तर आपणच पहिले सापडतो. शंभर डॉलरचा डिटेक्टर असो की सातशेचा, इथे दोघांचीही अवस्था सारखीच.

बसवताना तो काचेवर मोकळ्या जागी, समोर अडथळा नसेल असा बसवावा. काही मोटारींच्या काचेवर धातूचा पातळ थर असतो, त्यातून लहरी नीट आत येत नाहीत. घेण्याआधी आपल्या गाडीची काच पाहून घ्यावी.

कायदा कुठे आड येतो?

अमेरिकेत खासगी मोटारीत डिटेक्टर बाळगणे बहुतेक राज्यांत चालते. मात्र व्हर्जिनिया राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टन शहरात तो बेकायदा आहे. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा येथे समोरच्या काचेवर वस्तू चिकटवण्यावर निर्बंध आहेत. धंदेवाल्यांनी लक्षात ठेवण्याचा नियम वेगळाच आहे. १०,००० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलोंपेक्षा जड असलेल्या आणि राज्याराज्यांत माल वाहणाऱ्या व्यापारी वाहनात डिटेक्टर वापरायला केंद्र सरकारने १९९४ पासून बंदी घातली आहे. आपली जी मुले तिथे ट्रक चालवून पोट भरतात, त्यांची रोजी परवान्यावर अवलंबून असते. त्यांना असा डिटेक्टर भेट देणे म्हणजे त्यांच्या रोजीवर घाला घालणे होय. डिटेक्टर लपवला तरी उपयोग नाही. डिटेक्टरमधून स्वतःच्या बारीक लहरी बाहेर पडतात आणि त्या ऐकून डिटेक्टर हुडकणारी यंत्रे पोलिसांकडे असतात.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा आणि सस्कॅचेवान हे प्रांत सोडले तर इतर प्रांतांत बंदी आहे. टोरांटोला असलेल्या नातेवाईकांनी हे ध्यानात ठेवावे. इंग्लंडमध्ये १९९८ च्या न्यायालयीन निकालापासून डिटेक्टर बाळगणे गुन्हा नाही. फ्रान्समध्ये तो बेकायदा आहे आणि जर्मनीत गाडी चालवताना वापरता येत नाही. कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती असलेल्या दक्षिण आफ्रिकेतही त्याला मनाई आहे. पोलिसांच्या लहरीत गोंधळ घालणारे जॅमर ही तर अगदी वेगळी चीज आहे. रडार जॅमर अमेरिकेतही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. डिटेक्टर आणि जॅमर यांची गल्लत करू नये.

आपल्या रस्त्यांवर त्याचे काय?

महाराष्ट्रात महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझर स्पीड गन असते. लेझरपुढे डिटेक्टरची काय गत होते, ते वर सांगितलेच. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली आहे. त्यात एका ठिकाणी गाडीची नंबरप्लेट टिपतात, पुढच्या ठिकाणी पुन्हा टिपतात आणि मधले अंतर व लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढण्याचीही सोय आहे. समजा, दोन कॅमेऱ्यांत २० किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा ताशी १०० ची आहे. ते अंतर १२ मिनिटांच्या आत कापले की गाडी दोषी. नंबरप्लेट वाचायला रडार लागत नाही, मग डिटेक्टरने ऐकायचे तरी काय? कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा आणि पुढे पळायचे, ही युक्तीही तिथे कामाची नाही.

तेव्हा परदेशातून पन्नास-साठ हजारांचा डिटेक्टर मागवून तो भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या फेऱ्यांत वापरणे म्हणजे हातमागाचा धोटा यंत्रमागाला लावण्यासारखे आहे. वस्तू चांगली असेल, पण ती या मागासाठी नाही.

मालकाने काय पाहावे?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे मर्यादेबाहेर वेग गेला तर हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम किंवा जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा गुन्हा झाला तर परवाना जप्त होतो. आमच्या बांधवांनी या कलमाचा आणखी एक भाग नीट वाचावा. नोकराला वेगमर्यादा मोडून गाडी चालवायला लावणारा मालकही याच कलमाखाली दोषी ठरतो. ‘बाजार उघडायच्या आत गाठी पोहोचल्याच पाहिजेत’ असे चालकाला फोनवरून बजावणारा शेठ स्वतःला यातून वेगळा समजत असेल, तर तो चुकतो.

आता वेळेचा हिशोब करून पाहू. १०० किलोमीटर अंतर ताशी १०० ने कापले तर एक तास लागतो आणि ताशी १२० ने कापले तर ५० मिनिटे. वाचली ती दहा मिनिटे. एवढा वेळ तर गोदामासमोर हमालाची वाट पाहण्यात जातो. उलट वेग ८० वरून १२० वर नेला की धडकेची ताकद सव्वादोन पट होते. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि नागपूरपासून भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तिथे मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे, जड वाहनाला ८० ची. सरळ, रिकाम्या रस्त्यावर चालकाला डुलकी लागते, टायर तापून फुटतात. या दोन्ही धोक्यांवर डिटेक्टर काही बोलत नाही.

म्हणून डिटेक्टरचे पैसे हाती असतील तर ते चार ठिकाणी घालावेत. झिजलेले टायर बदलावेत आणि हवेचा दाब दर फेरीला तपासावा. मालवाहू गाडीचा स्पीड गव्हर्नर चालू आहे की चालकाने तार तोडली आहे, हे स्वतः पाहावे. गाडीत जीपीएस ट्रॅकर बसवावा, म्हणजे माल कुठे आहे आणि गाडी किती वेगाने धावते हे दुकानात बसून कळते. लांबच्या फेरीला दुसरा चालक द्यावा. मोबाईलच्या नकाशावर अनेक रस्त्यांची वेगमर्यादा फुकट दिसते. जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारी तर ८० च्या पुढे वेग गेला की स्वतःच टोकतात. तो आवाज अनेकांना कटकट वाटतो आणि ते गॅरेजवाल्याकडून बंद करून घेतात. हजारो रुपये देऊन परदेशी डबीचा आवाज विकत घ्यायचा आणि गाडीत आलेला आवाज बंद करायचा, हा कसला व्यापार?

थोडक्यात सांगायचे तर अमेरिकेत जिथे परवानगी आहे तिथे, खासगी मोटारीत, लांबच्या महामार्गावर रोज फिरणाऱ्याने केए पट्टा दुरून ऐकणारा, जीपीएस आणि बाण असलेला डिटेक्टर घेतला तर त्याचा उपयोग आहे, आणि तोही बेसावधपणी वाढलेला वेग आवरण्यापुरता. ट्रकचालकाने त्याच्या वाटेला जाऊ नये. महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्याने त्यावर एक पैसाही घालू नये. गाठ उशिरा पोहोचली तर गिऱ्हाईक दोन शब्द ऐकवील, ते ऐकून घ्यावेत. मालाचा विमा निघतो, पण घरून सकाळी सलाम करून निघालेला चालक कोणताही विमा परत आणून देत नाही.