अजिंठ्याची गाडी फाट्यावरच का थांबते?

दोस्तांनो, छत्रपती संभाजीनगरहून शाळेची सहल अजिंठ्याला निघाली, की सुमारे शंभर किलोमीटरवर फर्दापूरच्या फाट्याशी गाडी थांबते. लेणी अजून चार किलोमीटर! "सर, गाडी पुढं का नाही जात?" असं कुणीतरी विचारतंच. तर गाड्यांचा धूर चित्रांपर्यंत पोचू नये म्हणून. पुढं जायचं ते तिथल्या एसटीनं.

आता गंमत बघा. लेण्यांच्या परिसरातल्या सोयी, रस्ते, झाडं यांसाठी पैसा आला थेट जपानहून! १९९२ साली आणि पुन्हा २००३ साली. पैसा कर्जाऊ बरं का, बक्षीस नव्हे, फेडायचा आपणच. पण जपानला अजिंठ्याचं काय पडलंय? एक तर बुद्धाच्या कथा रंगवलेली ही लेणी तिथल्या बौद्धांनाही आपली वाटतात. शिवाय १९७२ साली युनेस्कोत एक करार झाला. काही ठेवे साऱ्या मानवजातीचे. ज्याच्या देशात आहेत त्यानं ते सांभाळायचे, इतरांनी हातभार लावायचा. १९८३ साली अजिंठा आणि वेरूळ त्या यादीत गेली.

अर्थात, बाहेरची मदत आली की काम फत्ते, असं नाही हं! १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून दोन जाणकार बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे मोठंच काम. पण चित्रांवर लाखेचं रोगणही चढवलं. वर्षं गेली तसं ते पिवळं-तपकिरी पडलं आणि खालचे रंग झाकोळले. हेतू चांगलाच होता हो! पण ते रोगण अलगद उतरवायला आपल्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढं वर्षानुवर्षं खपावं लागलं.

आणि आता तुमची-आमची पाळी. ही चित्रं मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. आपल्या श्वासातली वाफ त्यांना सोसत नाही. म्हणून आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, फ्लॅशला बंदी असते. पण पर्यटकच आले नाहीत, तर फर्दापूरचा दुकानदार आणि शहरातला रिक्षावाला खाणार काय? मोठी माणसं ज्याला 'टिकाऊ विकास' म्हणतात ना, त्याचं कोडं ते हेच.

कर्जाच्या पैशातून गाड्या दूर ठेवता आल्या. श्वास कसा दूर ठेवणार? पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभे राहाल, तेव्हा डोळे भरून बघा, पण फार वेळ रेंगाळू नका. बाहेर रांगेत आणखी एका शाळेची सहल उभी असेल.